एकविसाव्या दिवसाची मुदत

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही नाशिकमध्ये पेठ रस्त्याकडच्या एका लहान सोसायटीत राहत होतो. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि पुढे संशोधनच करायचे, हे पक्के ठरवून बसले होते. निरीक्षणाची शिस्त मला वर्गात शिकवली जात होती. ती मुरलेली पाहिली ती मात्र वॉचमनच्या खोलीमागे, खुराड्यापाशी.

वॉचमनची बायको पेठकडच्या डोंगरातली. सगळे तिला मावशी म्हणत. तिच्याकडे तीन कोंबड्या आणि एक कोंबडा होता. खुराड्यात रोज ताजी राख पसरलेली असे, पाण्याचे भांडे घासलेले असे. वासाची तक्रार झाली तेव्हा मी दिवसाच्या तीन वेगवेगळ्या वेळी जाऊन पाहिले. वास शेजारच्या कचराकुंडीचा होता. कोंबडा पहाटे साऱ्यांना उठवतो, ही तक्रार मात्र खरी होती. सभेत ठराव झाला: आवारात पक्षी पाळू नयेत, असलेले आठ दिवसांत हलवावेत.

मावशीने कोंबडा आणि दोन कोंबड्या लगेच गावी भावाकडे पोचवल्या. प्रश्न उरला तिसरीचा.

"ताई, ती अंड्यांवर खुडूक बसलीय. माझी आई गेल्यावर भावजयीनं तिच्या कोंबड्या विकल्या. त्यांची एवढीच अकरा अंडी उरलीत. आता टोपली हलवली तर ती उठंल, अन् अंडी गार झाली की संपलं. पिल्लं निघू द्या, मग जाते घेऊन."

अर्ज मी लिहिला. कोंबडी टोपलीत बसलेली मी प्रथम पाहिली तो दिवस माझ्या लक्षात होता. त्यात एकवीस दिवस मिळवून तारीख टाकली. अध्यक्षकाका निवृत्त अधिकारी. त्यांनी सही केली आणि बजावले, "यापुढे एक दिवसही नाही." एकविसाव्या दिवसापर्यंत मुदत मिळाल्याचे मी मावशीला सांगितले. तारीख वाचून दाखवायचे मला सुचले नाही.

त्या तारखेला सकाळीच काका हजर झाले. टोपलीत अंडी जशीच्या तशी.

"काय गं, काय म्हणतं तुझं विज्ञान?"

मावशी चकित झाली. "आज कुठं, साहेब? आज तर एकोणीस."

"पण मावशी, ती बसली त्या दिवसापासून मी मोजलेत."

"त्या दिवशी खाली नदीतले गोटे होते, ताई. आधी दोन दिवस गोट्यांवर बसवून बघायची. टिकली तरच अंडी द्यायची. मधेच उठणारी असली तर सगळी वाया जातात."

प्रयोगशाळेत आम्ही मौल्यवान नमुना वापरण्यापूर्वी पूर्वचाचणी घेत असू. तिने नेमके तेच केले होते, आणि मी तिला एक शब्दही न विचारता नोंद सुरू केली होती. चूक माझी आहे, दोन दिवस द्या, असे मी काकांना सांगितले.

"लेखी दिलंयस तू," ते म्हणाले.

मावशीने गयावया केली नाही. कोंबडीच्या चोचीचा मारा सोसत तिने खालून एक अंडे काढले, कानाला लावले, परत ठेवले. दुसरेही ठेवले. तिसरे पदराने पुसून काकांपुढे धरले.

"ऐका."

काकांनी आजूबाजूला पाहिले, मग कान पुढे केला. बराच वेळ ते तसेच वाकून उभे होते.

"आतून ओरडतंय?"

"मग! त्याला तुमचा ठराव कुठं ठाऊक?"

काकांना हसू आवरले नाही. "परवा संध्याकाळी येतो," म्हणाले.

ठरल्या दिवशी दुपारपर्यंत नऊ पिल्ले बाहेर आली. काका आले, त्यांनी ती मोजली आणि ठरावाला एक पुरवणी लिहून द्यायला मला सांगितले. मी लिहिले: खुडूक कोंबडी बसली असल्यास पिल्ले निघेपर्यंत तिला हलवू नये. या वेळी सही घेण्याआधी मावशीला वाचून दाखवले.

"निघाली म्हंजे झालं असं नाय," ती म्हणाली. "आईच्या मागं चालाया लागू दे."

मी 'निघेपर्यंत' खोडले आणि तिचे शब्द लिहिले. काकांनी सही केली. चार दिवसांनी मावशी झाकली टोपली मांडीवर घेऊन पेठच्या एसटीत बसली.