दोन फेऱ्यांचा कागद

रुपराव मेश्रामचा आवाज असा खणखणीत, की वस्तीत लग्न असो की बारसं, पंचशील म्हणायला त्यालाच पुढं बसवत. नोकरी कळमन्याजवळच्या सबस्टेशनात, ऑपरेटरची. तिथं भिंतीवर काचेच्या पेटीत एक यंत्र होतं. आत ताटलीएवढा गोल कागद दिवसभरात एक फेरी मारी आणि शाईचं पेन त्यावर विजेच्या दाबाची रेघ ओढी. वीज गेली की पेन मध्याकडे पडे. रोज सकाळी जुना कागद काढायचा, मागं तारीख टाकायची, नवा चढवायचा. बस, इतकंच. पण माणूस इतक्यातच घसरतो ना!

दसऱ्याला दीक्षाभूमीवर आलेले पाहुणे दुसऱ्या दिवशीही त्याच्याकडेच होते. नळावर ही रांग, चुलीशी त्याची बायको तुळसाबाई घायकुतीला आलेली. सगळ्यांबरोबर वंदना म्हणून रुपराव धावतपळत ड्यूटीवर पोचला आणि कागद बदलायचा साफ विसरला. कालच्या रेघेवरच आजची रेघ चढत राहिली.

दुपारी त्याच्या डोळ्यांदेखत पेन पडलं. वीज वरच्या मोठ्या लाइनीवरूनच गेली होती. नेमका तेव्हाच लहानू लाइनमन बाजारातल्या खांबाशी, स्विचच्या दांडीला हात लावून उभा. वीज आली ती झटक्यानं, आणि एका डाळमिलची मोटर जळली. मालकानं बोंब ठोकली की लहानूनंच न विचारता दांडी ओढली. साहेब सबस्टेशनात आले. खांबावरची दांडी ओढली तर इथलं पेन जागचं हलत नाही. पेन पडलं असेल तर लहानू सुटला. त्यांनी आजचा कागद मागितला.

कागद न बदलल्यापायीच महिन्याभरापूर्वी वामनराव ऑपरेटरला घरी बसवलं होतं. आत जाऊन रुपरावनं दोन फेऱ्यांचा कागद घडी करून खिशात घातला आणि एक कोरा कागद बाहेर आणला. पेनातली शाई संपली होती, म्हणाला. साहेबांनी दोन शिव्या हासडल्या आणि गेले. लहानूची नोकरी गेली.

लहानू काही परका नव्हता. एकाच गल्लीतला, तुळसाबाईच्या बाळंतपणात रिक्षा शोधत तोच पळाला होता. आणि आता हा बाबा उलट रुपरावचीच समजूत घाली, की शाई संपली त्यात तुहा काय कसूर गा! रुपरावला ते ऐकवत नसे. पानावरून अर्धपोटी उठे. तुळसाबाईनं खोदून विचारलं, तर अंगावर वसकला. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. कागद मात्र फाडवला नाही.

लहानूनं गावाकडं परतायचं ठरवलं. जायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं घरी वंदना ठेवली. गल्ली जमली, मेणबत्त्या लागल्या, रुपरावला पुढं बसवलं. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथं तो खणखणीत आवाज बसला. लोकांना वाटलं, ठसका लागला. कोणीतरी पाणी आणलं.

रुपरावनं खिशातून कागद काढून लहानूसमोर उलगडला. "शाई संपली नव्हती, लहानू. मी कागदच बदलला नव्हता."

लहानूनं कागद दिव्याकडे धरला. तारा ओढून राठ झालेलं बोट रेघेवरून फिरवत फिरवत पेन पडलं होतं तिथं आणून थांबवलं. त्याची बायको दाराशी बांधलेल्या बोचक्यांकडे पाहत राहिली.

"तू पाह्यलं होतं," तो म्हणाला. "अन् मी रोज तुलेच समजावून राहिलो होतो."

रुपरावची मान वर होईना. लहानूनं कागद आपल्या खिशात ठेवला.

"चौथं म्हण," तो म्हणाला. "मंग सायबाच्या घरी जाऊ."