बरणीतल्या सहा अळ्या

आटपाडीच्या अलीकडं, माळाच्या कडेला सुलाबाईचं घर. नवरा कोंडीबा जाऊन सात वर्षं झालेली. मुलगा साईराज फौजेतून सुटून पुण्यात नोकरीला लागलेला. बोलायला माणूस नाही म्हणून बाई चुलीशी बोलायची, वेळ पडली तर भिंतीशीही. हसू नका. सात वर्षं एकट्यानं काढून बघा, मग कळेल.

यंदा साईराजनं फोनवर निर्वाणीचं सांगितलं, "आय, ह्या साली मका एकटीनं आणलास तर रहा. न्हाईतर रान काकाला वाट्यानं दे अन् हिकडं ये."

सुलाबाई "बरं" म्हणाली. आणि नेमकी याच साली मक्याच्या पोंग्यात, कोवळ्या शेंड्यात, लष्करी अळी शिरली!

गावानं जहाल औषधं आणली. सुलाबाईला त्या वासानंच घेरी यायची. तिनं तालुक्याच्या शिबिरातून मातीतल्या जिवाणूंच्या पावडरीचा पुडा आणला. तिथल्या साहेबांचं बोलणं तिला तोंडपाठ होतं. हा जिवाणू मातीतच राहतो, त्याचं विष अळीच्या पोटात गेल्यावर चढतं. उन्हात तो टिकत नाही, म्हणून फवारणी सांजच्याला करायची. अळी लगेच पडत नाही. आधी खाणं सोडते, मग दोन-तीन दिवसांनी काळी पडून मरते.

"मातीतलाच हाय की, आपल्यातला," असं म्हणून तिनं गुरुवारी सांजच्याला पंप पाठीवर घेतला.

शुक्रवारी सकाळी अळ्या जागच्या जागी. पलीकडं तिच्या दिराचं, आप्पासोचं रान. माणूस मनानं चांगला, पण भाऊ गेल्यापासून त्यानं हिच्या अंगणात पाय टाकला नव्हता. भावजय एकटी, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? जे सांगायचं ते बांधावरनं ओरडून सांगायचा आणि चालू पडायचा. चार शब्द जवळ येऊन बोलेल तर शपथ!

"वैनी, ह्या जित्याच हायत की!" तो ओरडला.

"थांबा दोन दिस!" ती ओरडली. पण तोवर गडी पाठमोरा झालेला.

तिलाही धीर धरवेना. फवारलेल्या पानांसकट सहा अळ्या तिनं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातल्या, वर फडकं बांधलं आणि बरणी चुलीपाशी ठेवली. शनिवारी ती बाजाराला गेली.

रविवारी सकाळी रानात गेली तर उग्र वासानं डोकं भणाणलं. खाली अळ्यांचा सडा पडलेला. बांधावर आप्पासो हसत उभा. "काल तुमी बाजारात हुता, तवा मारून घेतलं औषध. तुमच्या त्या पावडरीनं काय हुतंय, वैनी? आता घोर करू नगा!"

सुलाबाई तडक घरी आली. बरणीतल्या सहाच्या सहा अळ्या काळ्या, लिबलिबीत होऊन मेलेल्या. पान जेमतेम कुरतडलेलं. जिंकली होती ती! बरणी उचलून ती तशीच आप्पासोच्या घराकडं निघाली.

तो दारात शेजाऱ्यांना सांगत होता. "दादा गेला तवापास्नं वैनीसाठी कायबी करता आलं न्हाई. आज तेवढं झालं गड्या." सुलाबाईनं बरणीवर पदर ओढला आणि ती मागं फिरली.

दुपारी साईराजचा फोन आला. "आय, काकानं रान वाचवलं म्हणं. दिल्या शब्दाला जाग आता."

"आरं, माझ्या औषधानं मेल्यात! बरणीत ठेवल्या हुत्या, हितं घरात. सहाच्या सहा मेल्या."

"कुणी बघितलं?"

"मी."

"तू सोडून?"

सुलाबाईला एकदम कोंडीबाची आठवण झाली. तो असता तर बरणी हातात घेऊन गावभर नाचला असता मेला! तिला रडू आवरेना. तिनं फोन तोंडापासून लांब धरला.

"आय? आईकतीस न्हवं?"

"दुसरं कुणी न्हाई रं," ती म्हणाली. "हितं कोन हाय बघायला? ये न्यायला."