कडवलेलं जवस तेल

मला याद्या करायची सवय आहे. माझ्या टेबलावर तीन वह्या असत: उंदरांच्या खाद्याची, रसायनांची आणि रोजच्या कामांची. सेवाग्राम रस्त्यावरच्या एका प्रयोगशाळेत मी तेव्हा बारा वर्षं तंत्रज्ञ होते. उंदराच्या पोटातून प्रतिकारपेशी धुऊन काढायला माझ्याइतका सरावलेला हात तिथे दुसरा नव्हता. कुठलंही काम सुरू करण्याआधी प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, दारात उभे राहून विचारायचे, "बाई, जमेल का?" त्या एका प्रश्नावर माझा आठवडा निघायचा.

नव्वदचं दशक संपता संपता पुण्याहून एक संशोधक मुलगी आली. ती आकडे तळहातावर लिहायची, बाटल्यांची झाकणं उघडी टाकायची. महिन्याभरात सर मला विचारू लागले, "तिला विचारलं का?"

पिंजरे सांभाळणारे दादा एकदा म्हणाले, "बाई, आता तुमाले कोन इचारते? सर नव्या म्याडमसाठी सोताच्या हातानं चहा आनून राह्यले."

"पिंजरे धुऊन झाले का?" मी म्हटलं.

तिचा विषय जवसाच्या तेलाचा होता. उंदरांच्या एका गटाला सूर्यफुलाचं तेल, दुसऱ्याला जवसाचं. एकदा तिने मी न विचारताच सगळं समजावून सांगितलं.

"ताई, पेशीचं पटल म्हणजे नुसती पिशवी नाही. ते बरंचसं स्निग्ध पदार्थांचंच असतं. आपण खातो त्या तेलातलं थोडं तिथे जाऊन बसतं. जंतू आला की प्रतिकारपेशी त्याच पटलातून एक तुकडा कापून घेते आणि त्यापासून सूज वाढवणारं रसायन बनवते. पटलात जवसातून आलेला स्निग्धांश जास्त असेल, तर तुकडा वेगळा निघतो आणि सूज बेताने चढते."

"म्हणजे सूज वाईट."

"नाही ना. सूज हवीच. ती किती चढावी, तेही थोडंफार या पटलावर ठरतं."

मला ते लगेच समजलं, आणि त्याचाच राग आला. बारा वर्षं मी त्याच पेशी धूत होते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

जवसाचं तेल मीच आणायचे. माझं माहेर तळेगावचं. आई गावातल्या तेलघाणीवरून काढून द्यायची. खाद्याच्या वहीत मी लिहिलं होतं: जवस, घाणीचं, कच्चं.

पहिल्या तपासणीत दोन्ही गटांच्या पेशींचं द्रावण सारखंच गडद पिवळं झालं. जितकं पिवळं, तितकं सुजेचं रसायन जास्त. दुसऱ्या तपासणीतही तेच. सर म्हणाले, शुक्रवारी ठरवू. फरक दिसत नसेल तर जवसाचं काम बंद. ते बंद म्हणजे तिची शिष्यवृत्ती बंद, आणि ती परत पुण्याला. ती डबा न उघडता बसून राहिली. मी त्या दिवशी पोटभर जेवले.

रविवारी तळेगावला गेले. आईने नवी बाटली हातात दिली.

"उंदीर खातेत का वं हे? आवडते त्याह्यले?"

"त्यांना काय आवडायचंय. कच्च्या तेलाला वास येतो."

"कच्चं कायले देऊ? म्या कडवून देल्लं. पयल्यापासून कडवूनच देतो."

आमच्याकडे जवसाचं तेल कडवून, म्हणजे धूर निघेपर्यंत तापवून, थंड करूनच वापरतात. घरात पाहुणा आला तरी कच्चं वाढत नाहीत. आणि त्या उष्णतेने नेमका तोच स्निग्धांश बिघडतो, ज्याच्यासाठी ती मुलगी हे तेल उंदरांना घालत होती.  मी बाटली पिशवीत ठेवली.

सोमवारी कामांची यादी केली, त्यात हे लिहिलं नाही. मंगळवारी लिहिलं नाही. शुक्रवार आपोआप येणार होता, मला काही करायचंच नव्हतं. बुधवारी खाद्याची वही भरायला उघडली आणि माझ्याच अक्षरात दिसलं: कच्चं. चार महिने, रोज, कच्चं. तिच्यासाठी मी बोलले असते की नाही, सांगता येत नाही. पण वहीतलं खोटं माझ्या हातचं होतं.

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. ओरडा खायची तयारी केली होती, थोडी इच्छाही होती. तिने पेन काढून तळहातावर काहीतरी लिहिलं.

"ताई, म्हणजे आपल्याकडे तापवलेल्या तेलाचा गट आयताच तयार आहे. आता फक्त कच्च्याचा घ्यायचा."

आणि ती सरांकडे धावली. काचेतून मला सर हसताना दिसले. त्यांनी तिला चार महिने वाढवून दिले.

कच्च्या तेलाच्या गटाचं द्रावण फिकं निघालं. त्या पेशी मीच धुतल्या होत्या, एकही वाया न घालवता. सर दारात येऊन तिला म्हणाले, "हे तुझ्याच डोक्यातून निघणार होतं."

पुढे लेख छापून आला. शेवटी आभारात माझ्या आईचं नाव होतं, घरगुती तेल आणि ते वापरायच्या पद्धतीची माहिती दिल्याबद्दल. त्या मुलीच्या आग्रहावरून मी तो अंक तळेगावला नेला. आईने स्वतःच्या नावावर बोट ठेवलं, मग बोट खाली सरकवलं.

"अन् तुहं कुठी हाय वं?"

"आम्हा तंत्रज्ञांची नावं लिहीत नाहीत, सगळ्यांचे मिळून एकदाच आभार मानतात," मी म्हटलं, आणि अंक तिच्या हातातून जरा ओढूनच घेतला.