मावशीचा हिरो कधीच मेला नाही

माझी मावशी उभ्या आयुष्यात थिएटरची पायरी चढली नाही. सासू अंथरुणाला खिळलेली, घर सोडणार कसं? काका थिएटरात डोअरकीपर होते. घरी आले की जेवता जेवता तिला अख्खा सिनेमा सांगायचे, गाण्यांसकट. तेवढ्यावरच मावशी एका हिरोवर फिदा झाली.

त्यावरून आमची कायम जुंपायची. मी म्हणायचे, "तुझा तो रडक्या! प्रत्येक सिनेमात शेवटी मरतो."

"जीभ झडो तुझी! एकदाही मेला नाही. ह्यांनी एकेक सिनेमा शंभरदा पाहिलाय."

काका जाऊन दोन महिने झाले, तरी तिचं तेच पालुपद. मग मीही हट्टाला पेटले आणि टीव्हीवर तिचा लाडका सिनेमा लावला. शेवटी हिरो मेलाच. मी मोठ्या तोऱ्यात तिच्याकडे वळले.

मावशी टीव्हीकडे बघतच नव्हती. खुंटीवरच्या काकांच्या टॉर्चकडे बघत ती म्हणाली, "म्हणजे हे मला शेवट बदलून सांगायचे."

मग टॉर्च खुंटीवरून काढून घेत म्हणाली, "हॉस्पिटलातून आले तेव्हाही असेच हसत जेवायला बसले होते गं. म्हणाले, डॉक्टर म्हणतायत, काही नाही, महिन्याभरात ठणठणीत व्हाल."