श्वास कुठून कापायचा

आमचं घर लगीनसराईवर चालायचं. बाबा बाभुळगावच्या एका बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवायचे. तुळशीचं लग्न झालं की अंगात लाल कोट, आणि पाऊस लागला की लोकांच्या वावरात मिळेल ते काम. मी सातवीत असताना तालुक्यात डीजेच्या गाड्या आल्या आणि बँडच्या सुपाऱ्या आटल्या. मग आई दाळमिलमध्ये तूर निवडायला जाऊ लागली. दिवसभर तुरीत बसून यायची, आणि घरातलं वरण मात्र पातळच असायचं.

बारावीपुढं आमच्याकडे कोणी शिकलं नव्हतं. मी बीसीएला यवतमाळला जायचे, रोज एसटीनं. वडील काय करतात असं कॉलेजात कोणी विचारलं की मी ‘खाजगी काम’ म्हणायचे. हे आज लिहायला बरं वाटत नाही, पण म्हणायचे.

मॅशअपचा नाद मला एसटीतच लागला. एका गाण्यातून रॅपरचा आवाज तेवढा वेगळा काढायचा, दुसऱ्या एखाद्या रॉक गाण्यातली गिटार आणि ड्रम घ्यायचे, आणि दोन्ही एकावर एक बसवायचे. फुकटच्या अ‍ॅपवर, मोबाइलमध्येच. एसटीच्या एका सीटवर दोन अनोळखी माणसं बसतात, कधी गप्पा रंगतात, कधी उतरेपर्यंत कोपराला कोपर. तसंच हेही. आईनं एकदा ऐकलं आणि म्हणाली, “बापाचं पोट डीजेनं मारलं, अन् पोरगी डीजेच होऊन राह्यली.”

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. वर्गातल्या बहुतेकांनी ग्रंथालयाचं नाहीतर दवाखान्याचं सॉफ्टवेअर घेतलं. मी सरांना म्हटलं, दोन गाणी दिली की आपोआप मॅशअप करून देणारा प्रोग्राम मी लिहिते. सरांनी दोनदा खात्री करून घेतली. बाहेरचे परीक्षक येतात, त्यांच्यासमोर बिघडलं तर वर्ष गेलं समज, म्हणाले. माझं वर्ष गेलं असतं तर कॉलेजही गेलं असतं. आईनं मला तीनच वर्षांचा शब्द दिला होता. तरी मी हट्टानं तोच विषय घेतला.

प्रोग्राम झाला. दोन्ही गाण्यांची गती जुळत होती, आकडे चोख होते. पण ऐकायला बसलं की रॅपर सुटलेल्या गाडीमागं पळतो आहे असं वाटायचं. पंधरा दिवस मी कोडची ओळ न् ओळ तपासली. चूक सापडेना, आणि परीक्षा आठवड्यावर आली.

एके दिवशी मुहूर्त नव्हता म्हणून बाबा दुपारी घरी होते. क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून फडक्यानं पुसत बसले होते. मी मोबाइलवर तेच तेच लावत होते.

“हा कोनाशी भांडून राह्यला?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, हे त्याचं गाणं आहे. मग त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर म्हणाले, “हा श्वास कुठं घेते?”

श्वास मी काढून टाकले होते. ओळीआधीची ती फुसफुस मला कचरा वाटली होती, म्हणून प्रोग्राम प्रत्येक ओळ पहिल्या शब्दापासून कापायचा.

“कायले काढले? वाजवनं तिथूनच तं सुरू होते, पोरी.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. गाणं उचलताना ढोलवाला त्यांच्या बोटांकडे पाहत नाही, खांद्यांकडे पाहतो. श्वास भरला की खांदे वर जातात, त्याबरोबर त्याची काठी वर जाते. चाल जलद असेल तर श्वास आखूड, संथ असेल तर लांब. तोही तालातच असतो. इंग्रजीचा एक शब्द कळत नसताना त्यांनी खाटेच्या माच्यावर बोटानं ठेका धरला आणि मूळ गाण्यात तो माणूस कुठं कुठं श्वास भरतो ते दाखवत गेले.

मी श्वास परत घातले. कापायची जागा शब्दावरून श्वासावर नेली. पुन्हा लावलं.

“आता बसला,” बाबा म्हणाले. “पन याले वरातीत नेऊ नको, घोडं बुजन.”

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी हेडफोन लावून ऐकलं. मग कोड पाहिला आणि विचारलं, प्रत्येक तुकडा शब्दाच्या जरा आधीच सुरू होतो, ही चूक आहे का? सर माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, चूक नाही, तो श्वास आहे. हे कोणत्या पुस्तकात वाचलं, त्यांनी विचारलं.

“पुस्तकात नाही, सर. माझे बाबा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. त्यांनी दाखवलं.”

वर्गात कोणी हसलं नाही. परीक्षकांनी मला तोच मॅशअप श्वास काढून आणि श्वास ठेवून, असा दोन्ही प्रकारे ऐकवायला सांगितला. मी ऐकवला. त्यानंतर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

प्रोजेक्टला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मला पडले. एकही विषय मागे न ठेवता, तीन वर्षांत मी बीसीए झाले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे.