घारे डोळे कोणाकडून आले

घाटावरच्या नव्हे, आमच्या तळ्यांच्या नि धानाच्या मुलखातल्या प्रतापगडाच्या बाजूला आमचं गाव, आणि गावात संशय घेण्याचं काम धुरपताबाईकडे. दूध घेतलं की बोट बुडवून पाही, तेल घेतलं की तेल्याच्या मापाचं बूड ठोकून पाही. नवरा यादोराव तळ्याच्या पाळीवरून उशिरा आला, तर धोतराला लागलेला चिखल तळ्याचाच आहे ना, हेही पाही.

पहिल्या मोठ्या लढाईच्या सुमारास या बाईला नातू झाला आणि त्याचे डोळे निघाले घारे. बाप देवचंद, त्याचे काळेभोर. आई कुंदा, तिचेही काळेभोर. यादोरावांचे तर डांबर. झालं! आदल्या हिवाळ्यात बदकं मारायला एक गोरा साहेब तळ्याकाठी तंबू ठोकून राहिला होता, तो विहिरीवरच्या बायकांना आठवला. महिन्यांचा मेळ बसेना, तेव्हा त्यांनी साहेबाचा मुक्काम थोडा लांबवला. कुंदाने त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं, पण ते ऐकायचं कोणाला होतं?

नवल एवढंच, की धुरपताबाई गप्प. मापाच्या बुडावर विश्वास नसलेली बाई एवढ्या मोठ्या गोष्टीवर गप्प कशी? मला तर सुनेपेक्षा सासूचाच संशय येऊ लागला.

शेवटी यादोरावांनी गाडी जुंपायला लावली. "इले इच्या बापाघरी घालून ये," ते देवचंदला म्हणाले. कुंदा पोराला घेऊन गाडीत बसली. ती धुरपताबाईच्या सख्ख्या भावाची पोर. भाची सून करून आणायची आमच्याकडे रीतच आहे. म्हणजे सासूचं आणि सुनेचं माहेर एकच, देवरीकडचं.

"आत्याबाई, बाबानं विचारलं तं काय सांगू?" कुंदाने विचारलं.

धुरपताबाईने लुगडं सावरलं आणि तीही गाडीत चढली.

"तू कायले चालली?" यादोराव म्हणाले.

"माल माह्या माहेरचा आहे. वापस करता तं दोघीले बी करा."

"म्हणजे?"

"माही माय घारी होती, आपल्या लग्नाआधीच मेली. तुमी मले पाहाले आले, तवा तिले धानाच्या ढोलीमागं बसवलं होतं."

"काऊन?"

"घाऱ्या बाईची पोर तुमच्या मायनं सून केली असती का?"

यादोरावांनी तिच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. "पण तुहे तं काळे आहेत."

"माहे काळे, भावाचे बी काळे. पण मायचं जाईन कुठं?"

यादोरावांचं आयुष्य पाळ बांधण्यात गेलेलं. पाणी पाळीखालून पाझरतं, वर जमीन कोरडीच दिसते, आणि दोन पाझर एका जागी मिळाले की शेतात ओल फुटते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हातारीचं घारेपण एकीकडून लेकीत उतरलं, लेकीकडून देवचंदमध्ये. दुसरीकडून लेकात, आणि लेकाकडून कुंदामध्ये. प्रत्येकात वर काळं, खाली घारं, म्हणून कोणाला दिसलं नाही. या पोरात दोन्हींकडून घारंच आलं, झाकायला काळं उरलंच नाही.

विहिरीवरच्या बायका घागरी घेऊन ताटकळल्या होत्या. त्यांची मोठी निराशा झाली.

"इतकी वर्सं मले फसवलं तू," यादोराव म्हणाले.

"पयले बैल सोडा," धुरपताबाई पोराला मांडीवर घेत म्हणाली, "मंग भांडू."