राष्ट्रपती व्हायला दोन वर्षं कमी

दोष जोशी गुरुजींचा. म्हातारा माणूस आहे, जाऊ दे, असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही!

बाळूच्या टेलरिंगच्या दुकानात आम्ही रोज बसतो. तिथले किस्से एवढे साचलेत की त्याच्या चिंध्यांच्या पोत्यात मावायचे नाहीत. त्यातले सदूचे तेवढे सांगतो. सत्त्याऐंशी साल, राष्ट्रपतीची निवडणूक आलेली.

*

सदू सरकारी कचेरीत शिपाई. पाठ धरली म्हणून एकदा साहेबासमोर खुर्चीत टेकला.

साहेब म्हणाला, "खुर्ची कशाला? राष्ट्रपती आहेस काय?"

संध्याकाळी सदूनं दुकानात येऊन विचारलं, "राष्ट्रपती व्हायला काय लागतं वो, गुरुजी?"

बाळू मशीनवरूनच म्हणाला, "पयला सूट! माप देऊन ठेव."

*

गुरुजींनी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. डोळे मिटून त्यांनी घडाघडा म्हटलं, "भारताचा नागरिक. वय पस्तीस पूर्ण. लोकसभेला उभं राहायला पात्र. सरकारातलं लाभाचं पद नको."

"शिकलेला पायजे असं नाय?"

"नाही."

सातवी नापास सदू ताठ बसला. "म्हंजे घटना माझ्या बाजूची हाय!"

मी कॉलेज अर्ध्यावर सोडलेलं. खरं सांगतो, मलाही बरं वाटलं.

*

"पण नोकरी सोडावी लागेल," मी म्हटलं.

"फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी सोडीन. तवर साहेबाला चहा देतो. मंग मी आत शिरलो की तो उठून उभा राहील!"

सदू हसला नाही. मग आम्हीही हसलो नाही.

*

वयावर गाडी अडली. आई म्हणायची छत्तीस. शाळेच्या दाखल्यावर तेहेतीस, आणि जन्म एक जूनचा. गुरुजींच्या शाळेत सगळं गाव एक जूनलाच जन्मलं!

"मीच तीन वर्षं कमी लावली," गुरुजी म्हणाले. "पुढं नोकरी जास्त मिळावी म्हणून. उपकार मान, मेल्या!"

"उपकार? माझी तीन वर्षं तुमच्याकडं हायत, गुरुजी. परत द्या!"

*

सदूनं तालुक्यातून जन्माचा खरा उतारा काढला आणि कचेरीत अर्ज दिला, जन्मतारीख दुरुस्त करून मिळावी. रजेचा अर्ज महिनाभर दाबून ठेवणाऱ्या साहेबानं त्याच दिवशी सही ठोकली.

सदू पेढे घेऊन दुकानात आला. "झालो छत्तीसचा! आता काय राह्यलं, गुरुजी?"

गुरुजींनी चष्मा पुसला. "फॉर्मवर दहा सूचक आणि दहा अनुमोदक लागतात. सगळे आमदार नाहीतर खासदार."

बाळूची मशीन थांबली.

"हे आधी का नाय सांगितलंत?" सदूनं विचारलं.

"तो भाग परीक्षेला येत नाही."

सदूनं पेढे सगळ्यांना वाटले. गुरुजींनाही दिला.

कचेरीनं नवी तारीख सर्व्हिस बुकात चढवली. सदू तीन वर्षं आधी रिटायर होणार.